खून पाहावा वाचून

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे घरातल्या घरात होणारी पोलीस-झडतीच असते. कुणी काय कुठं दडवून ठेवलं आहे, ते वर्षातून एकदा या दिवसांत उघडकीला येतं. यंदा आमच्याकडं झडतीचं वॉरंट सूनबाईच्या हाती होतं. ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा तिनं खाली ओढला. त्यात चकलीचा सोऱ्या असेल, अशी बिचारीची समजूत! झाकण उघडून पाहते तो आत पुस्तकं. दुसरा डबा उघडला, आत पुस्तकं. दिवाणाखालची बॅग ओढली, तिच्यातही तेच. अर्ध्या तासानं सगळा मुद्देमाल दिवाणखान्यात मांडून, ओढणी कमरेला खोचून तिनं मला विचारलं, "आई, या घरात एकूण खून आहेत तरी किती?"

मी म्हटलं, "मोजले नाहीत गं. पण विषप्रयोग जास्त असावेत."

वाचकहो, या पानावर मी आजवर पुष्कळ गोष्टींची कबुली दिली आहे. विसराळूपणाची दिली, भाजीवाल्याशी घातलेल्या हुज्जतीची दिली. ही एक तेवढी राहून गेली होती. वयाच्या दहाव्या वर्षापासून आज सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत मी खुनाच्या गोष्टी वाचत आले आहे. झुरळ दिसलं तर नातवाला हाक मारते, मुंगीवर पाय पडला तर दिवसभर हळहळते. पण रात्री अंथरुणावर पडलं की एखादं प्रेत सापडल्याखेरीज मला झोप येत नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा.

या नादाची सुरुवात गिरगावातल्या आमच्या चाळीत झाली. दोन खोल्या, समाईक गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला राहणारा एक दादा. त्याच्याकडं कोपऱ्यावरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचं सभासदत्व होतं. एका दिवसाच्या भाड्यानं तो बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक आणी आणि त्या एका दिवसात ते आठ बिऱ्हाडांतून फिरे. आजच्या मुलांना खोटं वाटेल, पण या एका माणसानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी आम्हाला चाळीतल्या भाडेकरूंइतकीच ओळखीची होती. किंबहुना थोडी अधिकच, कारण वरच्या मजल्यावरचे मास्तर संध्याकाळी घराबाहेर पडून कुठं जातात, हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं. झुंजार कुठं गेला आहे ते मात्र पान उलटलं की कळे.

माझी पाळी दुपारी दोन ते चार. चारला पुस्तक पुढच्या बिऱ्हाडात गेलंच पाहिजे, मग खुनी सापडो की न सापडो. आज मी एका बैठकीत दोनशे पानं उडवते, त्या वेगाचं मूळ या दोन तासांत आहे. एकदा तर कहर झाला. बंगल्यात सगळे जमलेले, दिवे मालवलेले, आता नाव उच्चारणार, आणि पुढचं पान गायब! कुण्या चांडाळानं ते फाडून नेलं होतं. मी तशीच गॅलरीत धावले. ज्या सात घरांनी ते पुस्तक माझ्याआधी वाचलं होतं त्या प्रत्येक घरी जाऊन विचारलं. सातांपैकी चौघांनी चार वेगवेगळी नावं सांगितली. म्हणजे पान त्यांनाही मिळालं नव्हतं, आणि तसं कबूल करायची कुणाची तयारी नव्हती! माणसं विनाकारणसुद्धा खोटं बोलतात, हा गुन्हेशास्त्रातला पहिला धडा मी तिथं शिकले.

माझ्या वडिलांना, नानांना, हे वाचन मुळीच खपत नसे. ते फोर्टात एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होते, आणि अर्नाळकर वाचून मुलीचं डोकं भुसभुशीत होणार याबद्दल त्यांची खात्री होती. पण गंमत पाहा. हेच नाना सकाळी चहाचा कप पुढ्यात घेऊन वर्तमानपत्रातली कोर्टाची हकीगत मोठ्यानं वाचत. सरकारी वकिलानं काय विचारलं, साक्षीदार कुठं अडखळला, सगळं साभिनय! १९५९ साली नानावटी खटला सुरू झाला तेव्हा तर चहाचे कप दोनाचे तीन झाले. त्या खटल्यावर आजवर इतकं लिहून झालं आहे, सिनेमेही निघाले आहेत, की मी त्यात भर घालत नाही. माझ्या मनात घर करून राहिला तो दुसराच खटला. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एक विधवा बाई. घरदार होतं, पैसाअडका होता, आणि प्रकृती तोळामासा. त्यांच्याच घरात राहणारा एक डॉक्टर त्यांच्यावर उपचार करी. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो बाईंना घेऊन पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसला. मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, असं निमित्त. पहाटे गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरानं त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं, पण नाव सांगितलं खोटंच. दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. मृत्यूचं कारण मधुमेहाची बेशुद्धी असं कागदावर चढलं. प्रेत न्यायला कुणी आलं नाही.

इथपर्यंत ऐकून माझी आई पोळी लाटता लाटता थांबली होती. पुढचं ऐकल्यावर तिनं लाटणंच खाली ठेवलं. कारण पुढं त्या बाईंची पत्रं येऊ लागली. मी यात्रेला गेले आहे, मी पुन्हा लग्न केलं आहे, दूर जयपूरकडं सुखात आहे, काळजी करू नये. इकडं त्यांचे पैसे आणि रोखे एकेक करून डॉक्टराच्या हाती जात होते. वर्षाहून अधिक काळ हे चाललं. मग ओळखीच्या काही माणसांना त्या पत्रांचा वास येऊ लागला, त्यांनी तक्रारी केल्या, आणि १९५८ साली डॉक्टराला अटक झाली.

विष सापडलं नाही. रासायनिक तपासणीत काही म्हणजे काही निघालं नाही. तरीही १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा कायम केली. खोटं नाव, खोटी पत्रं, पैशांची उचल या सगळ्या वागणुकीचा दुसरा अर्थच लागत नाही, असं बहुमत झालं. एका न्यायमूर्तींनी मात्र वेगळं मत दिलं. मरण विषानंच आलं हे त्यांना सिद्ध झालेलं दिसलं नाही. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून अभ्यासतात. नाना त्या दिवशी कचेरीला उशिरा गेले, एवढं माझ्या लक्षात आहे.

आई त्यावर एकच वाक्य बोलली. "वर्षभर कुणीच कसं विचारलं नाही, बाई आहे कुठं म्हणून?"

त्या वेळी मी अकरा वर्षांची होते. आईचं बोलणं मला बाळबोध वाटलं. मी विषाच्या विचारात होते. कुठलं विष असेल, चहातून दिलं की सुई टोचून? पण पुढं शेकड्यांनी पुस्तकं वाचल्यावर कळलं, की मी पुस्तकात विष शोधतच नव्हते. अर्नाळकर घ्या, कॉनन डॉइल घ्या, नाही तर अगाथाबाई घ्या. दहाव्या पानाच्या आत प्रेत सापडतं आणि सापडल्याबरोबर ते सगळ्या जगाचं काम होऊन बसतं. माणूस जिवंतपणी कितीही खत्रूड असो, कंजूष असो, भाच्यांनी त्याच्या मरणाची वाट पाहिलेली असो. तो मेला की एक हुशार मनुष्य सगळी कामं टाकून त्याच्या चहाच्या कपाचा वास घेतो, त्याच्या जोड्यांचा चिखल पाहतो, तो शेवटचा कुणाशी बोलला ते विचारतो. एवढी विचारपूस आपली कोण करतं हो? मी बुवा ती विचारपूस वाचायला बसते.

अगाथा ख्रिस्ती हे नाव निघालंच आहे तर विषांबद्दल चार ओळी लिहिल्यावाचून मला राहवणार नाही. या बाईंनी पहिल्या महायुद्धात टॉर्की या गावी इस्पितळाच्या औषधालयात काम केलं. बाटल्या भरता भरता कुठलं औषध किती दिलं की माणूस बरा होतो आणि किती दिलं की जातो, याचा त्यांनी अभ्यास केला. १९२० साली पहिली कादंबरी आली, तीच विषप्रयोगाची. १९६१ सालच्या 'द पेल हॉर्स' मध्ये त्यांनी थॅलियम वापरलं. या विषाची मोठी खूण म्हणजे माणसाचे केस गळू लागतात. आता पुढचं ऐका. १९७७ साली कतारहून एक तान्ही मुलगी लंडनच्या इस्पितळात आणली. दुखणं काही केल्या डॉक्टरांना उमगेना. तिच्या खाटेपाशी बसणारी परिचारिका नेमकी तीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस विरळ होताना पाहून ती डॉक्टरांना म्हणाली, हे थॅलियम तर नसेल? तपासलं तर तेच! घरात झुरळांसाठी आणि उंदरांसाठी आणलेलं औषध पोरीच्या पोटात गेलं होतं. मुलगी वाचली.

ही हकीगत मी आमच्या यांना निदान वीस वेळा सांगितली असेल. 'काय मेलं ते खुनाचं वाचतेस' असं म्हटलं की मी थॅलियम काढी. शेवटी शेवटी मी 'थ' उच्चारला की ते पेपर उघडत.

पण एक हिवाळा असा आला, की माझ्याच्यानं एक ओळ वाचवेना.

लग्न होऊन मी पुण्याला आले होते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. घरी सासूबाई, हे आणि आमचा चार वर्षांचा मुलगा. १९७६ साल. पुणेकरांना पुढं सांगायला नकोच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीला आणि पुन्हा डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी, राहत्या घरात शिरून कुटुंबंच्या कुटुंबं मारली गेली. जोशी-अभ्यंकर खून म्हणून ते प्रकरण आजही ओळखलं जातं. त्या वेळी तर कोण मारतं, कशासाठी मारतं, काही पत्ता नव्हता. दिवेलागणीला वाड्याचं दार लागे. जी माणसं उन्हाळ्यात अंगणात झोपत ती आता संडासला जातानाही सोबत घेत. आमच्या दाराला साखळी बसली. दूधवाल्याला 'कोण' म्हणून तीनदा विचारल्याशिवाय सासूबाई कडी काढत नसत, आणि तो बिचारा तिन्ही वेळा आपलं संपूर्ण नाव सांगे.

लायब्ररीतून आणलेला अर्नाळकर कपाटावर पडून होता. दंड चढत होता. मला त्याच्या मुखपृष्ठाकडंसुद्धा पाहवेना. दोर, सावली, हातमोजे! इतकी वर्षं हे आपण शेंगदाण्यासारखं खात बसलो याची मला किळस आली.

एका रात्री बाराच्या सुमाराला वाड्यात कुठंतरी भांडं पडलं. मांजर असणार. पण झोप सगळ्यांचीच उडाली. मुलगा तेवढा झोपलेला. दिवा लावून आम्ही बसलो. सासूबाईंनी बराच वेळ जपमाळ ओढली, मग ती बाजूला ठेवली आणि मला म्हणाल्या, "तुझं ते पुस्तक आण."

"कुठलं?"

"तेच ते. खुनाचं."

"अहो आई, आत्ता? नको."

"शेवटी सापडतो ना गं तो?"

"सापडतो."

"नक्की?"

"अर्नाळकरांचं आहे, आई. सापडतोच."

"मग वाच."

या बाईंनी सहा वर्षांत माझ्या हातात ते पुस्तक दिसलं की नाक मुरडलं होतं. मी हलक्या आवाजात वाचू लागले. दहा-बारा पानं झाली असतील, तोच भिंतीकडं तोंड करून निजलेल्या आमच्या यांचा आवाज आला, "दिवाणजी नव्हे. तो पुतण्या असणार." सासूबाई म्हणाल्या, "तू झोप रे." दोन वाजता पुस्तक संपलं. पुतण्या नव्हता. सासूबाईंनी खुन्याच्या हाताला बेड्या पडल्याचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं आणि मग त्या झोपल्या. मीही झोपले. पुढं ते संकट टळेपर्यंत रोज रात्री आमच्याकडं हा पाठ चाले. दंड सासूबाईंनी भरला.

खरे खुनी पुढं १९७७ मध्ये पकडले गेले. एकूण दहा खून त्यांनी केले होते. त्यांतला एक माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फाशी झालं. ती कॉलेजात शिकणारी मुलं होती. चित्रकला शिकणारी! अर्नाळकरांच्या खुन्याच्या गालावर व्रण असे, निदान नजर तरी वाईट असे. ही मुलं रस्त्यात दिसली असती तर मी त्यांना पत्ता विचारला असता. त्या प्रकरणावर १९८६ साली 'माफीचा साक्षीदार' नावाचा सिनेमा निघाला. मी तो पाहिला नाही. पाहणारही नाही.

तेव्हापासून माझ्या कपाटात दोन खण आहेत. एकात कल्पित खून, दुसऱ्यात खरे. कल्पित खून मी जेवल्यावर, बडीशेप चघळत वाचते. खरे मात्र सकाळी, उजेडी, ताठ बसून. ट्रुमन कपोतीचं 'इन कोल्ड ब्लड' मी असंच वाचलं. कॅन्ससमधल्या एका शेतकरी कुटुंबातली चार माणसं १९५९ साली मारली गेली, त्याची हकीगत. पुस्तक असं, की खाली ठेवता येत नाही. पण शेवट मिळावा म्हणून लेखक दोघा खुन्यांच्या फाशीसाठी ताटकळत राहिला होता, हे नंतर वाचलं आणि मला माझीच शरम वाटली. कारण ताटकळत तर मीही होते, पान उलटत. तरी मी ते पुस्तक डब्यातून काढून टाकलेलं नाही. केट समरस्केलबाईंचं व्हिचर नावाच्या इंग्रज डिटेक्टिव्हवरचं पुस्तक मला त्याहून प्रिय. १८६० साली एका सभ्य घरातलं लहान पोर मारलं गेलं. व्हिचरनं घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला, तर सारं इंग्लंड त्याच्यावर उलटलं. कारण काय, तर हलक्या घरचा पोलीस खानदानी मुलीची झोपायची वस्त्रं मोजतो! पाच वर्षांनी मुलीनं स्वतः येऊन कबुली दिली. तोवर त्याच्या नावाला लागायचा तो बट्टा लागून चुकला होता.

आणि ज्या हकीगतीत मला खऱ्या-खोट्याचे दोन्ही खण एकत्र करावेसे वाटतात ती एडलजीची. आपल्या मुंबईचा एक पारशी तरुण, शापुरजी एडलजी, ख्रिस्ती झाला आणि इंग्लंडात स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वायर्ली गावचा पाद्री बनला. काळ्या पाद्र्याचं गावाला कौतुक असण्याचा प्रश्नच नव्हता. १९०३ साली गावात रात्रीची कुणीतरी जनावरं कापू लागलं. आळ आला तो पाद्र्याच्या वकील झालेल्या मुलावर, जॉर्जवर. सात वर्षांची सक्तमजुरी! तीन वर्षांनी सुटका झाली, पण कलंक तसाच. त्यानं होम्सच्या जनकाला गाऱ्हाणं कळवलं. कॉनन डॉइल भेटायला गेला, तेव्हा जॉर्ज हॉटेलात वर्तमानपत्र वाचत बसला होता. अगदी नाकाला लावून आणि तिरपं धरून. डॉइल मूळचा डॉक्टर, त्यातही डोळ्यांचा. ज्या माणसाला टेबलापलीकडचं धड दिसत नाही तो अंधाऱ्या रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणं ओलांडून शेतातल्या घोड्यापर्यंत पोचतो कसा? हे त्याच्या तिथल्या तिथंच ध्यानात आलं. १९०७ साली त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहून सरकारला सळो की पळो केलं. जॉर्जला माफी मिळाली. नुकसानभरपाईची दमडी मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं, त्यात या प्रकरणाचाही हातभार होता. आमची आई असती तर म्हणाली असती, चला, एकानं तरी विचारलं.

आता हे सगळं वाचून डोकं कसं होतं त्याचा एक ताजा पुरावा देते आणि थांबते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी एकट्याच राहतात. माझ्याच वयाच्या. मुलगा परदेशी. गेल्या श्रावणात एका सकाळी जिना चढताना त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी पडलेली मला दिसली. दुपारी पाहिलं, तशीच. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या आणि दोन वर्तमानपत्रं. घंटा वाजवली, उत्तर नाही. फोन आत वाजतोय असं मला वाटलं. सूनबाई म्हणाली, "आई, गेल्या असतील कुठं. तुमच्या कादंबऱ्या पुरे झाल्या!" मी मुळीच ऐकलं नाही. खाली जाऊन वॉचमनला आणलं, सेक्रेटरींना झोपेतून उठवलं, किल्लीवाल्याला बोलावलं. सोसायटीतली झाडून सगळी माणसं जिन्यात जमली. दार उघडलं. आत सगळं लख्ख आवरलेलं, ओट्यावर फडकं वाळत घातलेलं, आणि वहिनींचा पत्ता नाही.

त्या नाशिकला लेकीकडं गेल्या होत्या. दूधवाल्याला सांगायचं राहिलं होतं, एवढंच. कुलपाचे सातशे रुपये मी दिले. पुढचे आठ दिवस लिफ्टमध्ये पोरं मला पाहून तोंडावर हात धरत होती.

वहिनी परत आल्या त्या थेट आमच्याकडं. मी माफी मागायला तोंड उघडणार, तो त्यांनी चिवड्याचा पुडा पुढं केला आणि नुसत्या बसून राहिल्या. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोनच दिवसांत?"

मी म्हटलं, "हो. दुसरी पिशवी पाहिली आणि मला राहवेना."

आता त्या गावाला निघाल्या की आमची घंटा वाजवतात. "सातच्या गाडीनं जातेय, रविवारी येईन, किल्लीवाल्याला बोलावू नका," असं दारातूनच सांगतात. एक जादा किल्ली माझ्याकडं असते. मागच्या खेपेला गाडीत वाचायला म्हणून त्या माझ्या डब्यातल्या दोन अगाथाबाई घेऊन गेल्या. महिना झाला, परत आलेल्या नाहीत. सूनबाईनं मांडलेल्या मुद्देमालात त्या दोन कमी भरतात, आणि संशयिताची किल्ली माझ्याच खुंटीला टांगलेली आहे.